फरशीखालचं पाणी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



फळ्यावर आजच्या विषयाचं नाव वाचून दोघाचौघांनी मला आत येतानाच विचारलं, की बाई, तुम्ही तत्त्वज्ञानाच्या, तुम्ही फरशीवर काय बोलणार? रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर असं की मी आयुष्यभर 'कारण' हा शब्द शिकवला. कारण कशाला म्हणायचं, खरं कारण कोणतं, नुसतं शेजारी उभं असलेलं कोणतं, यावर आपल्याकडे नैयायिकांनी शेकडो वर्षं डोकं खपवलं आहे. आणि पूर ओसरल्यावर आमच्या सांगलीत घरोघरी हाच प्रश्न विचारला जातो : ही फरशी कशानं गेली? पंचनामा करणाऱ्याला तो पडतो, घरमालक आणि भाडेकरू यांच्यात तो पडतो, ठेकेदार आणि ज्याचे पैसे गेले तो माणूस यांच्यात तर तो हमरीतुमरीवर येतो. तेव्हा मी माझ्या विषयाच्या बाहेर फारशी गेलेली नाही असं समजा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागात, खणभागात, मारुती चौकात पाणी नुसतं आलं नाही, ते मुक्कामाला राहिलं. ते ओसरलं आणि अडीच-तीन आठवड्यांत, २ सप्टेंबरला, गणपती आले. आता गणपती यायचे म्हणजे घर कसंतरी उभं करायला हवं. लोकांनी कर्ज काढून, दागिने ठेवून, घाईघाईत फरश्या घातल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. पण माझं लक्ष वेधलं ते वेगळ्याच गोष्टीनं. काही घरांतल्या फरश्या २०२१ च्या पुराची वाटसुद्धा न बघता, मधल्या काळातच, कोरड्या दिवसांत उखडल्या होत्या. पाणी नव्हतं आणि फरशी गेली होती. हे कसं? त्याचा शोध घेताना मला जे समजलं ते आज सांगते. बरंचसं गवंड्यांकडून समजलं, काही पुस्तकांतून.

आधी पाण्याबद्दल दोन शब्द. वैशेषिकांनी पाण्याचे गुण सांगितले आहेत. त्यात द्रवत्व आहे, म्हणजे वाहणं. ते तूप किंवा लाखेसारखं तापवून आलेलं नाही, पाण्याचं ते जन्मजात आहे. आणि दुसरा गुण आहे स्नेह. हा शब्द आपण मायेच्या अर्थानं वापरतो, पण त्यांच्या लेखी स्नेह म्हणजे पिठात पाणी घातलं की त्याचा गोळा होतो, तो गोळा होण्यामागचं जे काही आहे ते. म्हणजे पाणी चिकटतं आणि चिकटवतं. फरशीच्या बाबतीत आपण फक्त द्रवत्वाचा विचार करतो : पाणी आलं, पाणी गेलं, पुसून घेतलं, झालं. घात करतो तो स्नेह. पाणी ओसरताना जे मागे चिकटून राहतं, ते.

आणि हे चिकटलेलं पाणी वर चढतं! चहात टोस्टचं टोक बुडवा, चहा वर चढतो. समईची वात तेल वर ओढते. वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात झाडात पाणी वर कसं चढतं हा प्रश्न आलेला आहे. पाण्याचा स्वभाव खाली जाण्याचा, मग ते मुळातून शेंड्याकडे कसं जातं? सूत्रकारानं त्याचं कारण 'अदृष्ट' असं दिलं. पुष्कळ जण याला हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. जे कारण दिसत नाही त्याला 'न दिसणारं' असं प्रामाणिक नाव देऊन त्यानं जागा राखून ठेवली. पुढे १७१८ च्या सुमारास जेम्स ज्यूरिन या इंग्रज वैद्यानं त्याचं गणित मांडलं : नळी जितकी बारीक, तितकं पाणी जास्त उंच चढतं. एक दशांश मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी साधारण १५ सेंटिमीटर चढेल. त्याच्या दहापट बारीक नळीत दीड मीटर. आता विटेत, चुन्यात, वाळू-सिमेंटच्या मालात, मातीत अशा बारीक नळ्यांचं जाळंच जाळं असतं. म्हणून पूर तुमच्या घरात दोन फूट आला आणि भिंतीचा पोपडा चार फुटांवर सुटला, यात चमत्कार काही नाही.

एवढं लक्षात ठेवून आता एकेका जमिनीकडे बघू. सुरुवात सारवलेल्या जमिनीपासून करते, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे एकतर नाक मुरडतात नाहीतर गहिवरतात. दोन्ही नको.

मुरूम आणि माती पसरायची, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायची, चोपण्यानं चोपायची आणि वर शेणाचं सारवण. शेणात न पचलेल्या गवताचे धागे असतात, ते मातीला भेगा पडू देत नाहीत. ही जमीन उभ्या पाण्यात टिकत नाही. चिखल होते. पुराच्या बाबतीत तिच्याइतकी दुबळी जमीन नाही. पण तिचं एक वैशिष्ट्य असं की ती ओल अडवत नाही. खालून आलेली ओल वर सोडते, हवेत जाऊ देते, आणि पाणी गेल्यावर त्याच मातीची पुन्हा जमीन होते. बाहेरून काही विकत आणावं लागत नाही. ती मरते लवकर आणि उठतेही लवकर. यावर लोक म्हणतात, किती स्वस्त! स्वस्त कुणाला? दर आठ-पंधरा दिवसांनी गुडघ्यावर बसून सारवणाऱ्या बाईची मजुरी कुठल्याही हिशेबात धरलेली नाही म्हणून ती स्वस्त. माझ्या आईच्या गुडघ्यांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळा आकडा सांगितला असता. (हशा)

मग आली शहाबादी. शहाबाद हे कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात. तिथला हा चुनखडीचा दगड. आमच्याकडच्या जुन्या घरांत, शाळांत, देवळांच्या ओवऱ्यांत सगळीकडे तीच. राजस्थानातली कोटा फरशी आणि आंध्रातला काळा कडप्पा हेही चुनखडीच्याच कुळातले. हा दगड थरांनी बनलेला असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं ओल-सुकं, ओल-सुकं होत राहिलं की पापुद्रे सुटतात. पण एका पुरानं शहाबादीला काही होत नाही. होतं ते तिच्याखालच्या मुरमाला. पाणी सांध्यांतून खाली जातं, परत जाताना बारीक माती बरोबर नेतं, खाली पोकळी होते आणि फरशी डगडगायला लागते. पाय ठेवला की एका कोपऱ्यातून पिचकारी उडते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी अनुभवलं आहे. उपाय सरळ आहे. फरशी पहारीनं उचलायची, खालचा भराव काढून वाळवायचा किंवा नवा घालायचा, ठोकायचा, आणि तीच फरशी पुन्हा बसवायची. पुष्कळदा उलटी करून बसवली तर खालची बाजू नव्यासारखी निघते. दगड तोच, खर्च फक्त मजुरीचा आणि मालाचा.

शहाबादीचा खरा शत्रू पाण्यानंतर येतो. तो म्हणजे बाटलीतलं अॅसिड. पुराचा गाळ वाळला की त्याचे डाग निघत नाहीत, मग लोक संडास साफ करायचं अॅसिड ओततात. चुनखडीवर अॅसिड पडलं की फेस येतो. बघणाऱ्याला वाटतं घाण निघतेय. घाण नाही, दगड निघतोय. शहाबादी, कोटा, संगमरवर, मोझॅइक, सिमेंटच्या नक्षीदार फरश्या, या सगळ्यांना अॅसिड वर्ज्य समजा. गाळ ओला असतानाच साध्या पाण्यानं आणि खराट्यानं काढायचा. निर्जंतुक करायचं तर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी मारून धुऊन टाकायचं. आणि एक सांगून ठेवते, ब्लीचिंग आणि अॅसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो.

कोबा आणि मोझॅइक यांच्यावर फार वेळ घालवत नाही, कारण ती सोशिक मंडळी आहेत. सिमेंट पाण्यातच तर कडक होतं. मोझॅइक म्हणजे सिमेंटात संगमरवराची खडी, ते ओलं होतं, डागाळतं, पॉलिश मारलं की पुन्हा चकाकतं. जुन्या घरांतल्या नक्षीदार सिमेंटच्या फरश्या, ज्या मुंबईत १९२२ पासून बनू लागल्या आणि मग गावोगाव गेल्या, त्याही अशाच. तुमच्या घरात त्या असतील आणि पुरानंतर कुणी काढून टाका म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. कोब्याला भेग पडली तर दोष बहुधा कोब्याचा नसतो, खालच्या जमिनीचा असतो.

आणि आमच्याकडची जमीन म्हणजे काळी. ऊस छान येतो, घर अवघड येतं. या काळ्या मातीत अशी एक चिकणमाती असते की ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच मातीच्या. जोत्याच्या आत भराव म्हणून कुणी हीच माती ढकलली असेल, तर पुरात ती खालून फुगते. भिंती आपल्या पायावर जागच्या जागी राहतात आणि खोलीच्या मध्यभागी फरशी पोटासारखी वर येते. वाळल्यावर ती खाली बसते, पण भेगा घेऊन. चांगले गवंडी ही माती काढून मुरूम भरतात. घाईतला ठेकेदार काढत नाही, कारण फरशी घातल्यावर ती कुणाला दिसणार आहे?

याच ओघात वजनाची एक गोष्ट. एक चौरस फूट जागेवर एक फूट पाणी म्हणजे साधारण २८ किलो. दहा बाय बाराच्या खोलीत तीन फूट पाणी म्हणजे दहा टन. ते आत-बाहेर सारखं असेल तोवर फरशीवर विशेष ताण नसतो. पण बाहेर अजून पाणी उभं असताना तुम्ही दाराला फळ्या लावून, मोटर लावून आतलं उपसायला लागलात, तर जमिनीखालून वर रेटणारं पाणी मोकळं होतं आणि वरून दाबणारं गेलेलं असतं. फरशी, आणि कधी भिंतसुद्धा, त्यानं उचलली जाते. तळघर असेल तर धोका फारच. बाहेरची पातळी उतरेल तसं आतलं उतरू द्यावं. लवकर आवरायची घाई समजते, पण इथं घाई महागात पडते.

आता मुख्य गोष्टीकडे येते, ती म्हणजे व्हिट्रिफाइड टाइल. आज दहांतल्या बहुतेक नव्या घरांत तीच आहे. तिची कीर्ती अशी की ती पाणी पीत नाही, आणि ते खरं आहे. व्हिट्रिफाइडची पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या अर्धा टक्का. भिंतीला लावायच्या साध्या सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांच्या वर पितात, जमिनीच्या सिरॅमिक टाइल मधल्या कुठेतरी. म्हणजे टाइल म्हणून व्हिट्रिफाइड उत्तमच. पण फरशी म्हणजे टाइल नव्हे! फरशी म्हणजे टाइल, तिच्याखालचा माल, त्याखालचं काँक्रीट, त्याखालचा भराव, आणि मधले सांधे. पाणी टाइलमधून जात नाही, सांध्यांतून जातं, भिंतीच्या कडेनं जातं, खालून येतं. एकदा आत गेलं की बाहेर यायला त्याला तेच सांधे, केसाएवढे. आता तुम्हीच सांगा, सारवलेली जमीन अख्खी श्वास घेते, शहाबादीचे सांधे बोटभर असतात, आणि इथं दोन फुटी टाइलला एक रेघ. खालची ओल जाणार कुठे? ती कडेला सरकते आणि भिंतीत चढते. शहाबादी काढून टाइल घातल्यावर दोन वर्षांत भिंतीचे पोपडे सुटायला लागले, अशी तक्रार जुन्या घरांत फार ऐकू येते. लोक रंगाऱ्याला दोष देतात.

म्हणजे वरून जितकं पाणी रोखाल, तितकं खालून कोंडाल. २०१९ नंतर कोरड्या दिवसांत फरश्या उखडल्या त्याचं उत्तर इथं आहे. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एक ताई आहेत. दोन खोल्यांचं घर. पुरानंतर वीस दिवसांच्या आत त्यांनी बचत गटाचं कर्ज काढून शहाबादीच्या जागी पांढऱ्या टाइल घातल्या, गणपतीसाठी. कोपऱ्यात रचून ठेवलेल्या शहाबाद्या भंगाराच्या भावानं गेल्या. खालचा भराव तेव्हा पाण्यानं गच्च होता. दिवाळीनंतर सांध्यांत पांढरी भुकटी दिसायला लागली. तो लोणा. पाणी जमिनीतलं, सिमेंटमधलं मीठ विरघळवून वर आणतं, पाणी उडून जातं, मीठ राहतं, आणि त्याचे स्फटिक वाढताना मालाला आतून फोडतात. उन्हाळ्यात भराव वाळून खाली बसला, टाइलखाली पोकळी झाली. आणि एका दुपारी मधल्या ओळीतल्या टाइल तंबूसारख्या एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या, मोठा आवाज होऊन. कारण टाइल गरम झाली की किंचित फुगते, भिंतीशी जागा सोडलेली नव्हती, खालची पकड सुटलेली होती, मग वर उठण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. ताईंचं कर्ज फिटायला तेव्हा चौदा हप्ते बाकी होते.

मग भांडण. ठेकेदार म्हणतो, पुरामुळे झालं. ताई म्हणतात, पूर तर कधीच गेला होता. इथं मला माझे नैयायिक आठवतात. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण आहे कुंभाराच्या गाढवाचं. माती गाढवावरून आणली, म्हणून गाढव मडक्याचं कारण होत नाही. ते अन्यथासिद्ध. तिथं होतं खरं, पण त्याच्यावाचूनही मडकं झालं असतं. मग पूर हे गाढव की कुंभार? मला वाटतं ना हे, ना ते. नैयायिक म्हणतात कार्य एका कारणानं होत नाही, कारणांची सगळी सामग्री जमावी लागते. ओला भराव, घाई, न सोडलेली कड, ठिपक्यांवर बसवलेली टाइल, हे सगळं जमलं तेव्हा टाइल उठली. यातला भराव ओला करणारा पूर एक. बाकीचं माणसांनी केलेलं. आणि ते माणसांनी केलेलं असल्यामुळे त्याचा जाब विचारता येतो. 'पाण्यानं गेलं' एवढंच म्हटलं, की जाब विचारायची सोय संपते.

ठिपके म्हणजे काय ते सांगते. टाइल बसवताना खाली सलग माल पसरायला हवा. वेळ आणि सिमेंट वाचवायला काही जण टाइलच्या पाठीवर पाच ठिकाणी सिमेंटचे गोळे ठेवतात आणि दाबतात. मधे पोकळ राहतं. त्या पोकळीत पाणी साठतं आणि महिनोन्महिने राहतं. हे ओळखायचं कसं? लाकडी मूठ किंवा रुपयाचं नाणं घेऊन ठोका. भरीव असेल तर बद्द वाजतं, पोकळ असेल तर डब्यासारखं. पण थांबा. पोकळ आवाज आला म्हणून पुरानं पोकळी केली, असं अनुमान काढता येईल का? धूर आहे म्हणून अग्नी आहे हे चालतं, कारण अग्नीवाचून धूर नसतो. पुरावाचून पोकळी मात्र असू शकते. गवंड्यानं पहिल्याच दिवशी ठेवलेली. हा हेतू सव्यभिचारी, म्हणजे दोन्ही घरी जाणारा. मग काय करायचं? वरच्या मजल्यावर जा. तोच गवंडी, त्याच टाइल, तेच वर्ष, फक्त पूर तिथं पोचला नव्हता. तिथं ठोकून बघा. तिथंही डबा वाजला तर दोष कामाचा. तिथं भरीव आणि खाली पोकळ असेल तर पाण्याचा. अन्वय आणि व्यतिरेक याहून सोपा कुठे शिकायला मिळणार? ठेकेदाराशी बोलायला जाण्याआधी हे करून, मोबाइलवर आवाजासकट चित्रीकरण करून ठेवा.

आता पुराशिवायच्या पाण्याचं थोडं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना नदीची भीती नाही, न्हाणीघराची आहे. न्हाणीघराच्या खालच्या थरातून, विटांच्या कोब्यातून, पाणी हळूहळू बेडरूमच्या टाइलखाली सरकतं. बेडरूमच्या कोपऱ्यात लोणा दिसतो आणि माणसं बेडरूमची फरशी बदलतात. जिथं दिसतं तिथं गळत नसतं. न्हाणीघराच्या पाण्याची निचऱ्याची जाळी घट्ट बंद करून, दोन इंच पाणी एक दिवस उभं ठेवा, खूण करून. पातळी सांगेल. खालच्या शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या म्हणजे झालं.

संगमरवराबद्दल विचारतात म्हणून सांगते. पांढऱ्या संगमरवरात लोखंडाचे सूक्ष्म अंश असतात, पाणी बराच काळ लागून राहिलं की ते गंजतात आणि दगड पिवळा पडतो. हा पिवळेपणा आतला असतो, पॉलिशनं पुरता जात नाही. ग्रॅनाइटवर नुसते ओले काळसर डाग येतात, कित्येक आठवड्यांनी आपोआप जातात, त्यावर पैसे खर्चू नका.

राहिलं लाकूड. आमच्या वाड्यांत वरच्या मजल्याला कडीपाट असायचा, सागवानी. सागवान पाण्याला पुष्कळ सोसतं, तिथं भीती वाशांच्या भिंतीत गेलेल्या टोकांची. ती ओलीच राहतात आणि कुजतात. तेवढी टोकं टोच्या घालून बघायची. आजच्या लाकडी फरशीचं प्रकरण वेगळं. लाकूड ओल पिऊन लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. खालून ओल आली की पट्टीची खालची बाजू जास्त फुगते, कडा वर येतात, मधे द्रोणासारखं होतं. सुतार म्हणतो, घासून सपाट करून देतो. घासू देऊ नका, निदान काही महिने तरी. ओल गेल्यावर पट्टी पुष्कळदा आपली आपण सपाट होते, आणि तुम्ही कडा आधीच घासलेल्या असतील तर मधे उंच आणि कडेला खोल अशी उलटी होऊन बसते. लॅमिनेटला मात्र ही आशा नाही. त्याच्या पोटात लाकडाचा भुसा प्रचंड दाबानं दाबून बसवलेला असतो. पाणी मिळालं की तो दाब सुटतो, कडा फुगतात, आणि वाळल्यावरही तो दबून परत बसत नाही. वर लाकडाचं चित्र छापलेलं असतं, ते तेवढं शाबूत राहतं. व्हिनाइलच्या चादरीला स्वतःला काही होत नाही, तिच्याखाली बुरशी होते. गुंडाळून उचला, खाली वाळवा.

शेवटचा मुद्दा वाळण्याचा. काँक्रीट वाळायला जाडीच्या दर इंचाला सुमारे एक महिना, असा एक ढोबळ अंदाज धरतात, आणि तोसुद्धा हवा कोरडी असताना. भाद्रपदात सांगलीत हवा कोरडी नसते हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे चार इंचांचा थर पुरात भिजला तर तो गणपतीपर्यंत वाळत नाही, दसऱ्यापर्यंत नाही, दिवाळीतसुद्धा शंकाच. गणपती जुन्या फरशीवर, नाहीतर सतरंजीवर बसतात. त्यांची काही तक्रार नसते. तक्रार पाहुण्यांची असते.

श्रोत्यांतून एक प्रश्न आला आहे : "बाई, आमचं घर पूररेषेत आहे, घर सोडणं शक्य नाही. खाली काय घालू?"

भाऊ, खाली शहाबादी किंवा कोटा घाला. खाली मुरूम, काळी माती नको. सांधे जरा रुंद ठेवा, आणि दहा-वीस फरश्या जादा घेऊन माळ्यावर ठेवा. फरशी अशी हवी की उचलून, वाळवून, पुन्हा बसवता येईल. टाइलची हौस असेल तर वरच्या मजल्यावर करा, तिथं लाकूडही चालेल. आधीच टाइल असतील आणि त्या भरीव वाजत असतील तर काढू नका, फक्त कडेची एक ओळ उचलून ओल जायला वाट द्या.

"वाळलं हे कळायचं कसं?"

प्लॅस्टिकच्या पिशवीचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा कापा, उघड्या काँक्रीटवर किंवा कोब्यावर पसरा, चारी कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा आणि एक दिवस-रात्र ठेवा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालची जागा काळी पडली असेल, तर अजून ओल आहे. महिन्यानं पुन्हा बघा. आणि तुकडा एकच लावू नका. एक खोलीच्या मध्ये लावा, एक बाहेरच्या भिंतीशी, आणि एक न्हाणीघराच्या बाजूला. तिन्ही कोरडे निघाले की गवंड्याला फोन करा.